दोघांचा परवाना

दिवेआगर, रविवार, ४ जानेवारी १९५९

कुमुदचं पत्र आलं. पेडण्याहून निघून एकवीस दिवस झाले. पाकीट दोनदा उघडून दोनदा चिकटवलेलं, एकदा पलीकडच्यांनी आणि एकदा आपल्यांनी. आमच्या मुलीच्या पत्रात दोन सरकारांना एवढी गोडी असेल तर त्यांनी उत्तरही लिहावं, माझी शाई वाचेल.

मजकूर थोडका. सहावा महिना लागला, प्रकृती ठीक. ‘इकडून बाहेरगावी जाणं झालं आहे. परत येणं कधी, ते ठरलेलं नाही. दादांनी मला न्यायला यावं. लवकर यावं.’

अनुसूयेनं पत्र तीनदा वाचलं आणि म्हणाली, "उद्याच निघा."

मी हसलो. तीस वर्षं बंदरावरच्या जकात कचेरीत कारकुनी केलेल्या माणसाला बायको सांगते, उद्याच निघा! लोकांच्या ट्रंका उघडता उघडता माझे केस पांढरे झाले. गोवा म्हणजे परदेश. चौपन्न साली माघात कुमुदचं लग्न झालं तेव्हा वऱ्हाड बोटीनं आलं आणि बोटीनं गेलं. पुढल्याच वर्षी दोन्ही बाजूंनी दारं लागली. पाच वर्षांत ना मुलगी दिसली, ना जावई. अशा ठिकाणाहून माणूस घरी आणायचं तर अर्ज, परवाना, सामानाची यादी, सगळं रीतसर व्हायला हवं.

"रीतसरला किती दिवस लागतात?" तिनं विचारलं.

"जेवढे लागायचे तेवढे."

ती उठून आत गेली. बायकांना घाई फार.

सोमवार, १२ जानेवारी, अलिबाग

अर्ज दिला. चार प्रती, चार फोटो. फोटोवाल्यानं बटण दाबलं आणि नेमके मी डोळे मिटले. तो दुसरा काढायला तयार होता, पण मी म्हटलं, माणूस तोच आहे ना? आता चारही प्रतींवर मी झोपलेला आहे.

‘ओळखीची खूण’ या रकान्यात ‘हट्टी’ लिहा, असं अनुसूयेनं निघताना सुचवलं होतं. मी ‘डाव्या भुवईवर तीळ’ लिहिलं. ‘प्रवासाचा उद्देश’ इथं पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची चाल, तिची कारणं, आमच्या घरातली उदाहरणं, असं अकरा ओळींत मांडलं. कचेरीतल्या कारकुनानं ते वाचून एक रेघ मारली आणि वर ‘कौटुंबिक’ असं लिहिलं.

माझ्या मनात आलं, याला नियमांची गोडी नाही.

रविवार, ८ फेब्रुवारी

कळलं ते असं. पोर्तुगालशी आपलं बोलणं बंद आहे. त्यांचं इथलं काम ब्राझीलवाले पाहतात. म्हणजे पेडण्याला स्वतःच्या मुलीकडे जायला मला ब्राझीलची संमती हवी. शाळेतून नकाशा आणवला आणि ब्राझील शोधून अनुसूयेला दाखवला.

"तिथून आधी उत्तर येईल, की नातवंड?" ती म्हणाली.

या बाईला विनोद करायला वेळ आहे, याचा अर्थ तिची काळजी कमी झाली असावी. मला बरं वाटलं.

मंगळवार, १० मार्च

परवाना आला! निळ्या कागदावर, तीन शिक्क्यांचा. ‘दोन व्यक्ती: अर्जदार व त्याची विवाहित कन्या. परतीची मुदत: २ एप्रिल.’ पलीकडून कुमुदच्या बाहेर पडण्याच्या कागदालाही हीच तारीख घातल्याचं कळलं. दोन सरकारांचं एका तारखेवर एकमत झालं, हे काय थोडं?

कागद अनुसूयेच्या हातात दिला. तिनं देवापुढे ठेवला. मी म्हटलं, कुंकू लावू नकोस, कागद खराब होईल. तिनं लावलंच. आता भारत सरकारच्या सिंहांच्या कपाळी कुंकू आहे.

शनिवार, १४ मार्च, माणगाव

पहाटे निघालो. गुणाजीनं बैलगाडीनं बोर्लीपर्यंत आणून सोडलं. गुणाजी कोळीवाड्यातला, आमच्या वाडीतली नारळाची, सुपारीची ने-आण तोच करतो.

"दादा, परत कंदी?" त्यानं विचारलं.

"दोन एप्रिलच्या आत."

"आन् ताईला येळेआदीच कळा सुरू झाल्या तर?"

"एप्रिलच्या शेवटी आहे. हिशेब केलाय मी."

"प्वार हिशेब बगून येत न्हाय, दादा," असं म्हणून त्यानं बैलाला चुचकारलं. अडाणी मनुष्य.

सामानाची यादी तीन प्रतींत खिशात आहे. धोतरं दोन, सदरे दोन, तांब्या एक, पंचांग एक, डिंकाचे लाडू एकवीस.

सोमवार, १६ मार्च, बांदा

लाडू गेले.

आपल्या बाजूच्या नाक्यावर एक तरुण कारकून आहे. मिसरूड नुकतंच फुटलेलं, अक्षर सुरेख. त्यानं माझी यादी वाचली आणि क्षणभर माझ्याकडे आदरानं पाहिलं, असं मला वाटलं. मग म्हणाला, "आजोबा, पलीकडे खाद्यवस्तू न्यायला बंदी आहे. वाटेत स्वतःला खाण्यापुरतं चालतं. हे लाडू तुमच्याच खाण्याचे ना?"

"छे, मला दात कुठं आहेत? मुलीसाठी आहेत. पहिलटकरीण आहे."

तो थोडा थांबला. पुन्हा म्हणाला, "म्हणजे वाटेत तुम्हीच खाणार ना?"

"अहो, सांगतोय ना, मुलीसाठी म्हणून!"

त्यानं उसासा टाकला आणि डबा ठेवून घेतला. पावती मात्र दिली. रीतसर. पावती खिशात घालताना मला समाधान वाटलं, हे इथं लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून मला ते नाकारता येणार नाही. अनुसूया तो डिंक चार दिवस निवडत बसली होती.

पलीकडच्या नाक्यावर गोऱ्या अंमलदारानं माझा फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

"डोळे धांपा," दुभाष्या म्हणाला.

मी डोळे मिटले. तेव्हा कुठं ओळख पटली.

मंगळवार, १७ मार्च, पेडणे

कुमुदला पाहिलं. पाच वर्षांत ती माझ्या आईसारखी दिसायला लागली आहे. मला पाहताच तिनं आधी वाकून नमस्कार केला. मग तिथंच खाली बसून रडली आणि उठून चुलीकडे गेली. थोड्या वेळानं विचारलं, "आईनं काही दिलं नाही?"

मी पावती दाखवली.

घरात कुमुद आणि तिच्या सासूबाई चंद्राबाई, दोघीच. जावई अजून परतलेले नाहीत! सासरा पाच वर्षांनी येतो, तोही ब्राझीलच्या संमतीनं, आणि हे गृहस्थ शाळांच्या तपासणीला सत्तरी भागातल्या रानात गेले आहेत म्हणे. कधी येणार ते ठाऊक नाही. मास्तराला एवढी कसली तपासणी?

आणि घराची कळा काय सांगावी! गाद्या उसवून पुन्हा कशाबशा शिवलेल्या. माजघरातली जमीन एका जागी उकरलेली. चंद्राबाई म्हणाल्या, उंदीर फार. मास्तराच्या घरात एकही पुस्तक नाही, फळी रिकामी. वाचन सुटलं की माणूस घराकडे असंच दुर्लक्ष करतो.

शुक्रवार, २० मार्च

इथं एकच बोलका माणूस भेटला. समोरच्या फणसाखाली दिवसभर एक टोपीवाला गृहस्थ बसून असतो. आदबशीर माणूस. मी ओट्यावर आलो की हसतो, विडी पुढे करतो. आज मी जाऊन त्याच्याजवळ बसलो.

"तुमचो जांवय दिसना तो?" त्यानं आपुलकीनं विचारलं.

मी मन मोकळं केलं. म्हटलं, "तुम्हीच सांगा, ही काय रीत झाली? बायकोचे दिवस भरत आलेले, सासरा आलेला, आणि याचा पत्ता नाही! चिठ्ठी नाही, निरोप नाही. मी असतो तर नोकरीला लाथ मारून आलो असतो."

(हे खोटं आहे. कुमुद जन्मली तेव्हा मी बंदरावर एका खलाशाच्या भिंतीवरच्या घड्याळावर जकात बसवत होतो. तो बसऱ्याहून सात वर्षांनी घरी चालला होता आणि मी त्याला घड्याळाची खरेदीची पावती मागत होतो.)

टोपीवाल्यानं सगळं मन लावून ऐकलं. "निरोप सुद्दां ना?" असं दोनदा विचारलं. तेवढ्यात चंद्राबाई घाबऱ्याघुबऱ्या ओट्यावर आल्या. "दादानूं, भितर येयात! चाय थंड जाता!" या घरात चहा तासातासाला थंड होतो. मी टोपीवाल्याशी बोलायला बसलो की हटकून होतो.

रविवार, २२ मार्च

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मुलगा झाला.

हिशेब चुकला. पाच आठवड्यांनी. पहाटे कुमुदला कळा येऊ लागल्या तेव्हा मी पंचांग काढून महिने पुन्हा मोजत बसलो होतो. चंद्राबाईंनी पंचांग माझ्या हातातून काढून घेतलं आणि हातात घागर दिली. विहिरीच्या चार खेपा केल्या. पाचव्या खेपेला आतून रडणं ऐकू आलं आणि घागर माझ्या हातून पडली. पहिलं काम काय केलं, तर घड्याळ पाहून वेळ टिपून ठेवली.

मूल लहानखुरं आहे, पण आवाज मोठा. मला त्याला हातात दिलं. मी तीस वर्षं हजारो वस्तू हाताळल्या, वजन पाहिलं, उलटूनपालटून पाहिल्या. हे कसं धरायचं ते कळेना.

जावई आले नाहीत. संध्याकाळी टोपीवाल्याकडे जाऊन पेढ्यांऐवजी गूळ दिला आणि म्हटलं, "बघा! मुलगा झाला तरी नाही!" त्यानं गूळ खाल्ला आणि खाली मान घातली. त्यालाही वाईट वाटलं असावं.

शनिवार, २८ मार्च

मी कुमुदला म्हटलं, "ओली बाळंतीण तू. मुदत वाढवून मागू. अर्ज करतो."

"नको, दादा. दोन तारखेच्या आत निघायचं."

"जावयांना मूल तरी पाहू दे."

ती बाळाचं लंगोट घडी करत होती. घडी मोडली, पुन्हा घातली. "ते म्हणाले असते, जा," एवढंच बोलली.

म्हणाले असते! नवराबायकोत भांडण आहे, हे आता माझ्या ध्यानात आलं. एवढं साधं कसं सुचलं नाही? मी फार न बोलता समजूतदार चेहरा करून बसलो.

चंद्राबाईंनी बाळासाठी एक परदेशी थर्मास दिला. नवीन वस्तूवर जकात, वापरलेलीवर नाही. म्हणून मी चार दिवस त्यातूनच चहा पितो आहे. झाकणाला एक पोचाही पाडला.

शुक्रवार, ३ एप्रिल, महाड, एस.टी. स्टँड

कालचा दिवस आज लिहितो.

सकाळी दहाला पलीकडच्या नाक्यावर पोचलो. चंद्राबाई पेडण्याच्या वेशीपर्यंत आल्या, बाळाच्या पायांना डोकं लावलं आणि मागं न पाहता परत गेल्या. नाक्यावर गोरा अंमलदार, दुभाष्या आणि त्यांच्या शेजारी चक्क आपला टोपीवाला! परदेशात ओळखीचं कुणी भेटलं की किती बरं वाटतं. मी हात जोडले. त्यानं पाहिलं न पाहिलं केलं.

अंमलदारानं कुमुदला बाजूला उभं केलं. मूल तिच्या छातीशी. तिचा चेहरा कागदासारखा पांढरा. मग माझ्याकडे वळून दुभाष्यामार्फत विचारलं, "हिचो घोव खंय आसा?"

झालं. पंधरा दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. "मला विचारता? मीच तुम्हाला विचारतो! तुमच्या सरकारच्या शाळा ना? असली कसली तपासणी, की बापाला पोराचं तोंड पाहायला सवड नाही? सतरा दिवस मी त्या घरात राहिलो, त्या माणसाची सावलीसुद्धा पाहिली नाही. सापडला तर मला कळवा. दोन शब्द सुनवायचे आहेत!"

दुभाष्यानं भाषांतर केलं. अंमलदारानं टोपीवाल्याकडे पाहिलं. टोपीवाला पोर्तुगीजमध्ये दोन वाक्यं बोलला आणि माझ्याकडे बोट करून कपाळावर हात मारला. अंमलदार हसला. शिक्का मारला.

"आणि मुलाचा कागद?" मीच विचारलं. होय, मीच. कुमुदनं डोळे मिटून घेतले.

"आवयच्या पदराभितरलें भुरगें," दुभाष्या म्हणाला. "ताका कागद कित्याक? चला!"

मधली मोकळी जागा ओलांडून आपल्या नाक्यावर आलो. तिरंगा पाहून मला भरून आलं. तोच तरुण कारकून होता. यादी तीन प्रतींत पुढे केली. थर्मास वापरलेला, लुगडी वापरलेली, बाळाचे कपडे नात्यातल्या पोरांनी वापरलेले. सगळं मान्य. मग त्यानं निळा परवाना वाचला आणि वर पाहिलं.

"दोन व्यक्ती."

"हो."

"तिसरं?"

"नातू."

त्यानं पुस्तक काढलं. माझ्या वेळचं नव्हतं, नवं होतं, पण पानं त्याच आवाजात उलटत होती. मूल परक्या हद्दीत जन्मलेलं. परक्या हद्दीतून येणाऱ्याला परवाना हवा. आईला आहे, आजोबांना आहे, याला नाही. "वर तार करतो," तो म्हणाला. "पंधरा दिवसांत उत्तर येईल. तोवर मूल पलीकडे ठेवावं लागेल."

"अकरा दिवसांचं पोर? कुणाकडे ठेवू?"

"मी काय करणार, आजोबा? नियम आहे."

हे वाक्य मी तीस वर्षं याच स्वरात बोललो आहे. बोलताना मानही अशीच किंचित तिरकी करत असे. समोरून कसं दिसतं ते काल पाहिलं.

कुमुद ट्रंकेवर बसली होती. ती मला म्हणाली, "दादा, मी परत जाणार नाही. आणि याला सोडून पुढेही जाणार नाही." आवाज चढवला नाही. ऊन तापलं होतं. मुदत त्याच दिवशी संपत होती. मूल रडायला लागलं. नाक्याजवळ एक चहाची झोपडी आहे. तिथली बाई, तुळशी तिचं नाव, बाहेर येऊन कुमुदला पाणी देऊन गेली आणि तिथंच उभी राहिली.

कारकुनानं टाक शाईत बुडवला, लिहिलं नाही. मला म्हणाला, "मूल पलीकडेच जन्मलं ना?"

मी तोंड उघडलं. रविवार, बावीस मार्च, नऊ वाजून दहा मिनिटं, हे सगळं जिभेवर तयार होतं.

तो पुन्हा म्हणाला, सावकाश, माझ्या डोळ्यांत पाहत, "पलीकडेच जन्मलं ना, आजोबा? की इकडे?"

एखादा प्रश्न दुसऱ्यांदा का विचारतात, हे कळायला मला एकोणसाठ वर्षं लागली. आणि कळलं तेव्हा नियमही आठवला, तोही माझाच: जो हद्दीच्या आत जन्मला, त्याला आत येण्याचा परवाना लागत नाही.

"इकडे," मी म्हणालो. "आज सकाळी. रस्त्यातच."

माझा आवाज मला ओळखू आला नाही. धरणी दुभंगेल असं वाटलं. ती जागच्या जागी होती.

"कुणी पाहिलं?"

"मिया," मागून तुळशी म्हणाली. "माझ्या खोपटीच्या मागसून झालो. पाणी मियाच तापवलंय."

कारकुनानं बाळाकडे पाहिलं. बाळानं रडणं थांबवून त्याच्याकडे टक लावून पाहिलं. "आजचं मूल असं बघतं?" तो पुटपुटला.

"तुमका किती झालीत, सायब?" तुळशीनं विचारलं.

तो बिचारा कानापर्यंत लाल झाला. अजून लग्न झालेलं नसावं. त्यानं लिहायला घेतलं. "नाव?"

नाव कुठून आणणार? बारसंच नाही झालेलं. तोंडात आमच्या बाजूचा देव आला. "हरेश्वर."

त्यानं सुरेख अक्षरात लिहिलं: हरेश्वर सदानंद, जन्म २ एप्रिल १९५९, मुक्काम बांदा. मग कागद माझ्या हातात देताना गंभीरपणे म्हणाला, "सकाळीच बाळंत झाल्यात, जास्त चालवू नका त्यांना." आणि पुस्तक मिटलं.

मी तुळशीसमोर हात जोडले. ती म्हणाली, "चाय घेवा आधी. थरथरतास."

सावंतवाडीच्या गाडीत बसल्यावर मी कुमुदला म्हटलं, "आज तुझ्या बापानं सरकारी कागदावर खोटं लिहवलं. तुझ्यासाठी."

ती म्हणाली, "दादा, तुम्ही मला त्याच्याआधी सोडवलंत. पलीकडे."

मग तिनं सांगितलं. जावई सदानंद तपासणीला गेलेच नव्हते. शाळेत तिरंगा लावला आणि दिवाळीआधीच ते रानात गेले. पोलिसांनी घर तीनदा उकरलं, पुस्तकं नेली. फणसाखालचा गृहस्थ पोलिसांचा माणूस. कुमुदला काही ठाऊक आहे असा संशय आला असता, तर तिला मुलासकट पणजीला नेलं असतं. "ते कुठं आहेत ते मला माहीत होतं, दादा. अंमलदारानं मला विचारलं असतं तर माझ्या तोंडावरच दिसलं असतं. पण तुम्ही असे काही चिडलात की मला विचारायची गरजच उरली नाही."

बाहेर काजूची झाडं मागे पळत होती. मी सतरा दिवस त्या माणसाला शिव्या दिल्या. पोलिसाजवळ बसून. वर त्याला गूळ खिलवला.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही ना," ती म्हणाली.

दिवेआगर, रविवार, ५ एप्रिल

काल पोचलो. अनुसूयेनं बाळाला घेतलं, कुमुदला जवळ घेतलं आणि मला विचारलं, "जावई सुखरूप आहेत?"

"तुला कुठून कळलं?"

"‘लवकर यावं’ असं वेगळं लिहिलं होतं पोरीनं. नवरा बाहेरगावी, परतण्याचा नेम नाही. आणि काय लिहायला हवं होतं? तुम्ही शिक्के बघत बसलात."

जानेवारीतच हिला कळलं होतं. मी दहा आठवडे सगळं रीतसर करत होतो आणि ही दहा आठवडे रोज डोळे पुसत होती. चौकात जाऊन बसलो. कुणी चहाला बोलावलं नाही.

गुरुवार, १८ ऑगस्ट १९६०

बरेच महिने लिहिलं नाही. मूल घरात असलं की वही उंच ठेवावी लागते, आणि उंच ठेवली की माझा हात पोचत नाही.

बातमी आली. सदानंदांना जूनमध्येच धरलं. आग्वादच्या किल्ल्यात ठेवलं आहे, शिक्षा आठ वर्षांची. कुमुदनं ऐकून घेतलं. शाळेत शिकवायला लागली आहे, तिथं वेळेवर गेली. परत आल्यावर विहिरीवर फार वेळ कपडे धूत राहिली.

मी भेटीचा अर्ज कसा करायचा याचा शोध घेतला. पाच कचेऱ्यांना लिहिलं. उत्तर नाही. माझं अक्षर अजून चांगलं आहे, एवढाच त्यातून निष्कर्ष.

बुधवार, २० डिसेंबर १९६१

आपलं सैन्य पणजीत गेलं. गोवा सुटला. कोळीवाड्यात फटाके वाजले. गुणाजी धावत आला. "दादा, आता ताईचा मालक येनार, न्हाय का?"

"यादी लागेल," मी म्हणालो. "सुटलेल्या कैद्यांची. मग ओळख पटवणं, मग हुकूम—"

कुमुद दारात उभी होती. मी वाक्य गिळलं.

"येणार," मी म्हणालो.

रविवार, ७ जानेवारी १९६२

तार आली होती: रविवारी पोचतो. मी सकाळीच बोर्लीच्या स्टँडवर जाऊन उभा राहिलो. तीन गाड्या आल्या. तिसरीतून खादीतला एक हडकुळा माणूस उतरला. मी पुढे होऊन त्याला मिठी मारली आणि रडलोही थोडा. तो दवाखान्याचा नवा कंपाउंडर निघाला. फार सज्जन, मला बाकावर बसवून माझी नाडी पाहिली.

घरी परतलो तर जावई ओटीवर बसलेले. गुणाजीनं त्यांना म्हसळ्याच्या वाटेवर चालताना पाहून गाडीत घेतलं होतं.

"तू ओळखलंस कसं?" मी गुणाजीला विचारलं.

"लगनात यांच्या होडीचं सामान मीच उतरलं हुतं. वळखनार न्हाय तर काय?"

माणूस अर्धा उरला आहे. दाढी पांढरी, पुढचे दोन दात नाहीत. मला पाहून उठले आणि वाकले. मी सतरा दिवस जे बोललो ते सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, पण ते म्हणाले, "दादा, कुमुदनं सगळं सांगितलं. आमच्यातल्या पुष्कळांनी पुष्कळ केलं. पण पोलिसाला रोज बसवून त्याचा वेळ खाणारा तुमच्यासारखा दुसरा नव्हता." ते हसले तेव्हा मला लग्नातला मुलगा दिसला.

अनुसूयेनं ताट वाढून आणलं. प्रवास कसा झाला, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, "नाके रिकामे होते. दोन्ही बाजूंचे. कुणीच नव्हतं. मी तिथं उभा राहिलो. कुणीतरी येईल, विचारील, म्हणून थांबलो. बराच वेळ झाला. मग एक गुराखी म्हशी घेऊन गेला, त्याच्या मागून आलो."

कुमुद खांबाला टेकून उभी होती. नुसती पाहत होती.

हरेश्वर तिच्या पदराआडून बघत होता. पोर पावणेतीन वर्षांचं. अनोळखी माणसाजवळ जात नाही. हळूहळू पुढे आला, ताटाच्या समोर थांबला आणि विचारलं, "नाव काय तुझं?"

सदानंदांच्या हातातला घास तिथंच राहिला. ते ताट सरकवून उठले. ताठ उभे राहिले. हात बाजूला, नजर समोर भिंतीवर. आणि खड्या आवाजात स्वतःचं नाव, बापाचं नाव, गाव, वय, सगळं ओळीनं सांगितलं. एक आकडाही सांगितला, तो आम्हांला कळला नाही. सांगून झाल्यावर तसेच उभे राहिले.



हरेश्वरानं त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. मग जवळ जाऊन त्यांचं धोतर धरलं आणि खाली ओढलं.

"बस," तो म्हणाला. "जेव."